घरचा डेस्कटॉप हळू का चालतो?

घेतला तेव्हा झटपट चालणारा कॉम्प्युटर सात-आठ वर्षांनी बटण दाबल्यावर पाच-पाच मिनिटे का लावतो? दुरुस्तीच्या दुकानात या प्रश्नाला ठरलेले उत्तर मिळते, "फॉरमॅट मारावा लागेल." कधी तेवढ्याने काम भागते. पुष्कळदा मात्र महिन्याभरात मूळचा संथपणा परत येतो आणि घरात नव्या कॉम्प्युटरच्या खरेदीची चर्चा सुरू होते. खरे तर संथपणाचे कारण शोधायला कोणतेही खास उपकरण लागत नाही. मोजमापाची साधने विंडोजमध्येच आहेत. ती वाचता आली की नेमका कोणता भाग अडला आहे, हे घरबसल्या कळते.

या प्रकरणात नजरेसमोर धरलेला कॉम्प्युटर २०१३ ते २०१८ च्या सुमारास अनेक घरांत आलेल्या संचापैकी आहे: इंटेलचा पेंटियम किंवा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी किंवा १ टीबीची हार्ड डिस्क, आणि विंडोज ७ किंवा ८.१ वरून पुढे विंडोज १० वर आलेला.

१. जुना होतो म्हणजे नेमके काय होते

प्रोसेसर वयाने मंद होत नाही. ३.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर पहिल्या दिवशी सेकंदाला ३४० कोटी ठोके देत होता. त्याला पुरेशी हवा मिळत असेल तर आजही तेवढेच देतो. रॅमच्या चिपांचेही तसेच आहे. हे भाग चालतात तोवर ठरल्या वेगाने चालतात, आणि बिघडले तर कॉम्प्युटर सुरूच होत नाही किंवा मध्येच निळा पडदा दाखवून बंद पडतो. म्हणून ‘जुना झाला, आता असाच चालणार’ हे उत्तर तपासणी न करता कोणाकडूनही मान्य करू नये.

बदलते ते आजूबाजूचे. सॉफ्टवेअर जड होत जाते: दहा वर्षांपूर्वीचे बातम्यांचे पान आणि आजचे पान यांत जाहिराती, आपोआप चालू होणारे व्हिडिओ आणि मागे चालणाऱ्या स्क्रिप्ट यांचा फार मोठा फरक पडला आहे. मधल्या काळात घातलेले प्रोग्रॅम कॉम्प्युटर सुरू होताच स्वतःहून जागे होतात. डिस्क भरत येते, कधी खराबही होऊ लागते. डब्यात धूळ साचते. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे प्रत्येक कॉम्प्युटरचे वेगळे असते. त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेला उपाय आपल्याला लागू पडेलच असे नाही.

२. तीन भाग आणि त्यांच्यातले अंतर

कॉम्प्युटरच्या वेगाचा हिशेब स्वयंपाकघरावरून चांगला समजतो. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी व्यक्ती, रॅम म्हणजे तिच्या पुढ्यातला ओटा आणि डिस्क म्हणजे धान्य-मसाल्याची कोठीची खोली. शिजवायचे ते ओट्यावर आल्याशिवाय शिजत नाही. ओटा लहान असेल तर एक डबा आत ठेवून दुसरा बाहेर आणावा लागतो, आणि कोठी लांब असेल तर प्रत्येक खेप महागात पडते.

किती महागात, ते आकड्यांत पाहू. रॅममधून माहितीचा एक तुकडा मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. फिरत्या हार्ड डिस्कवरून तोच तुकडा मिळायला सुमारे १३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे १ लाख ३० हजार पट जास्त वेळ. ओट्यावरचे मीठ उचलायला एक सेकंद लागतो असे धरले, तर कोठीतून मीठ आणायला त्याच प्रमाणात छत्तीस तास लागतील. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कवर एका तुकड्याला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. त्याच प्रमाणात मोजले तर कोठीची खेप सतरा मिनिटांवर येते.

घरगुती कॉम्प्युटरच्या संथपणाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या आकड्यांत आहे. प्रोसेसर कामाने दमलेला नसतो, सामान येण्याची वाट पाहत बसलेला असतो.

३. आधी मोजावे

काहीही बदलण्यापूर्वी, काढून टाकण्यापूर्वी किंवा विकत घेण्यापूर्वी टास्क मॅनेजर उघडावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की तो उघडतो. विंडोज १० मध्ये पहिल्यांदा छोटी खिडकी आली तर तळाशी ‘मोअर डिटेल्स’ असते, त्यावर क्लिक करावे.

‘प्रोसेसेस’ या पानावर चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी दिसते आणि वर चार रकान्यांत टक्केवारी असते: सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क आणि नेटवर्क. मोजणी दोनदा करावी. पहिली, कॉम्प्युटर सुरू होऊन पडदा दिसू लागल्याबरोबर. दुसरी, साधारण अर्ध्या तासाने, नेहमीचे काम चालू असताना आणि कॉम्प्युटर अडखळत असतानाच. अडखळण्याच्या त्या क्षणी कोणता रकाना ९० ते १०० टक्क्यांवर चिकटून बसला आहे, तेच पाहायचे असते. रकान्याच्या डोक्यावर क्लिक केले की सर्वांत जास्त खाणारा प्रोग्रॅम यादीत वर येतो.

उदाहरणार्थ, एका कॉम्प्युटरवर सीपीयू १२ टक्के, मेमरी ८८ टक्के आणि डिस्क १०० टक्के दिसते आहे. अशा ठिकाणी नवा प्रोसेसर घालून काहीही साधणार नाही, कारण आहे तोच ८८ टक्के रिकामा आहे. अडचण डिस्कची आहे आणि मेमरी तिला हातभार लावते आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर डिस्क ३ टक्के, मेमरी ५० टक्के, पण सीपीयू सतत १०० टक्के आहे. तिथे एखादा प्रोग्रॅम बेफाम सुटला आहे किंवा व्हायरस शिरला आहे, आणि एसएसडी घालण्याचा खर्च वाया जाईल. बाहेरून दोन्ही कॉम्प्युटर सारखेच संथ वाटतात.

मोजणीत एक खाचखळगा आहे. घरचे डेस्कटॉप आठ-आठ दिवस बंद असतात आणि रविवारी लावले जातात. विंडोजची अपडेट, अँटिव्हायरसच्या नव्या याद्या, ब्राउझरचे नवे रूप, फायलींची शोधसूची अशी आठवड्याभराची तुंबलेली कामे यंत्र पहिल्या तासाभरात उरकू लागते. नेमका तोच तास घरातली मंडळी कामाला बसलेली असतात. आठवड्यातून एकदाच लावला जाणारा कॉम्प्युटर त्यामुळे कायम संथ भासतो. असा कॉम्प्युटर मधल्या एखाद्या दिवशी इंटरनेट जोडून दोन तास नुसता चालू ठेवावा. एवढ्यानेच तक्रार मिटली असेल, तर पुढचे काही करण्याची गरज नाही.

४. फिरणारी तबकडी

जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये आणली. तिच्यात ५० तबकड्या होत्या, त्यांवर सुमारे ५ एमबी माहिती मावत असे आणि त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. आजच्या घरगुती डेस्कटॉपमधली १ टीबीची डिस्क त्या डिस्कच्या दोन लाख पट माहिती साठवते, पण फिरते मिनिटाला ७,२०० वेळा, म्हणजे फक्त सहा पट वेगाने. कोठी दोन लाख पट मोठी झाली आणि फिरण्याचा वेग सहा पटच वाढला. हार्ड डिस्क संथपणाचे केंद्र का ठरते, ते या दोन आकड्यांत आहे.

हिशेब सोपा आहे. मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला साधारण ९ मिलिसेकंद लागतात. एकूण झाले १३. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर डिस्क सेकंदाला ७५-८० तुकडेच देऊ शकते. प्रत्येक तुकडा ४ केबीचा धरला तर सेकंदाला जेमतेम ३०० केबी.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि शेजारी वेग मात्र सेकंदाला १ एमबीहूनही कमी, हे दृश्य पाहून लोक गोंधळतात. त्याचा अर्थ इतकाच, की डिस्क पूर्ण वेळ कामात आहे, पण तो वेळ सरकण्यात आणि थांबण्यात जातो आहे. सलग लिहिलेला मोठा व्हिडिओ वाचताना हीच डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या पुढे जाते. म्हणूनच सिनेमा विनासायास चालतो आणि वर्डची फाइल उघडायला मिनिट लागते.

समजा, विंडोज आणि तिच्याबरोबर जागे होणारे प्रोग्रॅम सुरू होताना १५,००० विखुरलेले तुकडे वाचावे लागतात. सेकंदाला ७७ या वेगाने १९५ सेकंद, म्हणजे सव्वातीन मिनिटे लागतील. एसएसडीवर प्रत्येकी ०.१ मिलिसेकंद धरले तर दीड सेकंद. प्रत्यक्षात विंडोज तुकडे शक्य तितके ओळीने वाचते आणि सुरू होताना इतरही कामे असतात, त्यामुळे फरक इतका टोकाचा राहत नाही. तरी तीन-चार मिनिटांचे काम पाऊण मिनिटाच्या आत येणे ही एसएसडी घातल्यावरची नेहमीची गोष्ट आहे.

एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. सगळी माहिती चिपांवर असते. जुन्या डेस्कटॉपला साटा या जोडणीची २.५ इंची एसएसडी चालते. तिला हार्ड डिस्कचीच चपटी डेटा केबल आणि पॉवर सप्लायचीच वायर लागते. कॅबिनेटमध्ये ३.५ इंची खाचा असतात, म्हणून एक साधी पट्टी लावून ती बसवतात. साटा एसएसडीचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो. जुन्या मदरबोर्डवर साटाची दुसरी पिढी असेल तर तो निम्म्यावर येतो, पण त्याने खंतावू नये. घरच्या कामात खरा फायदा तुकडे चटकन मिळण्याचा असतो आणि तो तिथेही पुरेपूर मिळतो. एम.२ नावाच्या पट्टीसारख्या एसएसडी याहून कितीतरी वेगवान असतात, मात्र मदरबोर्डवर तशी खाच आहे का आणि ती कोणत्या प्रकारची आहे, हे पाहिल्याशिवाय त्या घेऊ नयेत. विंडोज एसएसडीवर आणि फोटो, व्हिडिओ जुन्या हार्ड डिस्कवर, ही वाटणी सर्वांत स्वस्त आणि सोयीची पडते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत कुठल्याही कॉम्प्युटरच्या बाजारात हे काम करून मिळते, आणि स्क्रू ड्रायव्हर धरता येणाऱ्या माणसाला ते घरीही जमते.

हार्ड डिस्कच ठेवायची असेल तर दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, सी ड्राइव्ह मोकळा ठेवणे. अनेक दुकानांत डिस्कचे सी, डी, ई असे भाग करून देतात आणि सीला जेमतेम १०० जीबी ठेवतात. डेस्कटॉपवर टाकलेल्या फायली आणि डाउनलोड केलेले सगळे सीमध्येच जाते, हे घरातल्या बऱ्याच जणांना माहीत नसते. लग्नाचा व्हिडिओ डेस्कटॉपवर दिसतो म्हणजे तो सीमधली जागा खातो आहे. सीचा किमान सहावा भाग रिकामा असावा. दुसरी गोष्ट डीफ्रॅगमेंट. विखुरलेले तुकडे ओळीने लावण्याचे हे काम विंडोज स्वतःच ठरावीक दिवसांनी करते, फक्त त्या वेळी कॉम्प्युटर चालू असला पाहिजे. एसएसडीवर डीफ्रॅगमेंट करायचे नसते. तिथे सरकणारे टोकच नाही, त्यामुळे फायदा शून्य आणि लिहिण्याची झीज मात्र होते.

५. डिस्क मरणाच्या वाटेवर असेल तर

संथपणाचा एक प्रकार असा आहे की त्यात वेग दुय्यम ठरतो. कॉम्प्युटर मध्येच दहा-वीस सेकंद पूर्ण गोठतो, मग जणू काही झालेच नाही असा चालू लागतो. ठरावीक फोल्डर उघडले की हटकून अडकतो. कॅबिनेटमधून टक्-टक् असा ठरावीक अंतराने आवाज येतो. अशा वेळी डिस्कच्या पृष्ठभागावरचे काही कप्पे खराब झालेले असतात. डिस्क अशा कप्प्यावरून पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते आणि तोवर सगळे तिच्यासाठी थांबून राहते.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते. तिला स्मार्ट नोंद म्हणतात आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ती वाचता येते. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. त्यातल्या दोन ओळी महत्त्वाच्या: ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ म्हणजे खराब ठरवून बाजूला काढलेले कप्पे, आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ म्हणजे सध्या वाचता न येणारे कप्पे. हे आकडे वाढत असतील तर डिस्कवर भरवसा ठेवू नये.

इथे कामाचा क्रम चुकला तर वर्षानुवर्षांचे फोटो जातात. आधी घरातले फोटो, कागदपत्रांचे स्कॅन आणि हिशेब दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. त्याआधी डीफ्रॅगमेंट, चेकडिस्क किंवा फॉरमॅट यांतले काहीही करू नये. ही सगळी कामे डिस्कला तासन्‌तास राबवतात आणि अखेरच्या घटका मोजणारी डिस्क त्यातच बंद पडू शकते. डेटा सुरक्षित झाला की साटा केबल बदलून पाहावी, कारण सैल किंवा खराब केबलमुळेही असे गोठणे होते. तेवढ्याने भागले नाही तर डिस्क बदलणे हाच उपाय आहे.

६. रॅम किती पुरते

४ जीबीचा हिशेब मांडून पाहावा. अंगभूत ग्राफिक्स असेल तर रॅमचा थोडा भाग पडद्यासाठी राखीव जातो. विंडोज १० काहीही न उघडता दीड ते दोन जीबी घेते. उरले दोन जीबी. ब्राउझरमध्ये मेल, व्हिडिओ, एखादा सरकारी फॉर्म आणि बातम्यांची दोन पाने उघडली की ते संपतात. पुढे जे उघडाल त्यासाठी विंडोज आधीचे काही रॅममधून उचलून डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ठेवते, आणि त्याची गरज पडली की परत आणते. हार्ड डिस्कवर अशी प्रत्येक फेरी किती महाग असते, ते वर आलेच आहे. म्हणून रॅम कमी पडते तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये मेमरीबरोबर डिस्कही शंभरला भिडते. दोन्ही रकाने एकत्र शंभरजवळ गेलेले दिसले तर मूळ कारण रॅम आहे असे समजावे.

घरच्या कामाला ८ जीबी रॅम पुरते. फोटो-व्हिडिओचे संपादन होत असेल तर १६ घ्यावी. त्यापुढची रॅम नेहमीच्या वापरात रिकामी पडून राहते.

रॅम घेण्याआधी टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर मेमरी निवडावी. ‘स्लॉट्स यूज्ड’ या ओळीत दोनपैकी एक असे दिसले तर एक खाच रिकामी आहे. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. त्यांच्या कडेची खोबण वेगवेगळ्या ठिकाणी असते. दुकानात जाताना जुनी पट्टी काढून सोबत नेणे उत्तम. विंडोज ३२ बिटची असेल तर ८ जीबी घालूनही साडेतीन जीबीच्या आसपासच वापरली जाते, म्हणून ‘सिस्टिम’च्या माहितीत ६४ बिट लिहिले आहे ना, हे आधी पाहावे.

७. न बोलावता येणारे प्रोग्रॅम

टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ पानावर कॉम्प्युटरबरोबर जागे होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते. प्रिंटर कंपनीचा मदतनीस, मोबाइल जोडण्याचा जुना प्रोग्रॅम, गाण्यांचा प्लेअर, व्हिडिओ कॉलची दोन-तीन अ‍ॅप असे काय काय तिथे सापडते. नको त्या नावावर उजवी क्लिक करून ‘डिसेबल’ करावे. त्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही. फक्त आपण उघडला तरच उघडतो. अँटिव्हायरस, आवाज आणि ग्राफिक्स यांच्या ओळींना हात लावू नये.

विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या वापराला पुरेसा आहे. बाहेरचा अँटिव्हायरस घातला तर डिफेंडर आपोआप बाजूला होतो. बाहेरचे दोन एकाच वेळी घातले तर प्रत्येक फाइल दोघेही तपासतात आणि कॉम्प्युटर रांगू लागतो. ‘एका क्लिकमध्ये वेग दुप्पट’ सांगणारे क्लीनर आणि रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्रॅम घालू नयेत. त्यांतले अनेक स्वतःच मागे चालत राहतात, आणि रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

काहीही उघडलेले नसताना सीपीयू ७०-८० टक्क्यांवर असेल आणि पंखा घोंघावत असेल, तर दुसऱ्याच कोणासाठी आभासी चलन खणणारा व्हायरस असण्याची शक्यता आहे. फुकटात मिळवलेल्या चोरट्या सॉफ्टवेअरबरोबर आणि ते चालू करून देणाऱ्या ‘अ‍ॅक्टिव्हेटर’बरोबर असे व्हायरस हमखास शिरतात. डिफेंडरमधला ‘ऑफलाइन स्कॅन’ अशा वेळी उपयोगी पडतो, कारण तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी करतो.

एक छोटी पण फळणारी सवय: आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ करावे. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून तो डिस्कवर जसाच्या तसा राखून ठेवला जातो. ‘परफॉर्मन्स’ पानावर सीपीयूखाली ‘अप टाइम’ पाहिला, तर रोज रात्री बंद होणारा कॉम्प्युटरसुद्धा वीस-वीस दिवस चालू असल्याचे दिसू शकते. साचलेला गुंता ‘रीस्टार्ट’नेच सुटतो.

८. धूळ आणि उष्णता

पहिली दहा मिनिटे नीट चालून मग संथ होणारा कॉम्प्युटर उष्णतेने अडलेला असतो. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा साधारण १०० अंश सेल्सियस असते. ती जवळ आली की प्रोसेसर स्वतःला जळण्यापासून वाचवण्यासाठी ठोक्यांचा वेग उतरवतो. ‘परफॉर्मन्स’ पानावर सीपीयूचा ‘बेस स्पीड’ ३.४ आहे आणि जोराचे काम चालू असताना ‘स्पीड’ १ च्या आसपास घसरलेला आहे, तर संशय उष्णतेवर घ्यावा. कोअर टेम्प या मोफत प्रोग्रॅममध्ये तापमान थेट दिसते. नुसता चालू असताना ३५ ते ५० अंश आणि कामात ८० पर्यंत ठीक समजावे.

आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांत कॅबिनेटसाठी एक कप्पा असतो आणि त्याला कधी दारही असते. ज्या कॅबिनेटला घरोघरी सीपीयू म्हणतात, तो त्या कप्प्यात कोंबला की मागून निघालेली गरम हवा पुन्हा पुढून आत जाते. कॅबिनेट बाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवला, तरी तापमान उतरते.

साफसफाईसाठी मागची वायर काढून कॅबिनेटची बाजूची पत्री उघडावी. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्या असतात आणि त्यांच्यामध्ये धुळीचा जाड थर बसलेला असतो, वरून तो दिसतही नाही. पंखा बोटाने धरून ठेवून मऊ ब्रश आणि ब्लोअरने ती धूळ काढावी. पंखा न धरता ब्लोअर मारला तर तो भलत्याच वेगाने फिरून बिघडू शकतो. इंटेलबरोबर येणारा पंखा चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो. त्यांतली एक निसटली तरी तो तिरका होतो आणि तापमान झपाट्याने चढते. पंखा काढलाच तर जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी थर्मल पेस्ट लावल्याशिवाय परत बसवू नये. कोकणातल्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी कडेवर थर चढतो. पट्टी काढून ती कड खोडरबराने हलकेच घासून पुसण्याचा दुकानदारांचा उपाय योग्य आहे.

९. दोष इंटरनेटचा असेल तर

साठवलेल्या फायली झटपट उघडतात आणि संकेतस्थळे मात्र रखडतात, तर कॉम्प्युटर निर्दोष आहे. त्याच वायफायवर मोबाइलमध्ये तेच पान उघडून पाहावे. तिथेही रखडले तर राउटर किंवा जोडणी पाहावी. ४० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला ५ एमबीच उतरतात, कारण जोडणीचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. कॉम्प्युटरची तारीख मागे गेल्यामुळे संकेतस्थळे उघडत नसतील, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल बदलावा.

१०. फॉरमॅट आणि खर्च

फॉरमॅट करून विंडोज नव्याने घातल्याने सॉफ्टवेअरचा कचरा आणि बहुतेक व्हायरस जातात. हार्ड डिस्कचे फेरे त्याने वाढत नाहीत, रॅम वाढत नाही आणि धूळ हलत नाही. म्हणून मोजणीत दोष सॉफ्टवेअरचा निघाला तरच फॉरमॅट करावे, आणि तेही डेटा दुसरीकडे उतरवून, ती प्रत उघडून पाहिल्यावर. एसएसडी घालायचीच असेल तर त्याच वेळी तिच्यावर विंडोज नव्याने घालावी. दोन्ही कामे एकदम होतात.

पैसे घालायचे तर पहिला क्रम एसएसडीचा, दुसरा ८ जीबीपर्यंत रॅमचा. जुन्या मदरबोर्डसाठी वेगवान प्रोसेसर शोधत बसू नये. वेगळे ग्राफिक्स कार्ड खेळांसाठी ठीक, पण त्याने कॉम्प्युटर लवकर सुरू होत नाही.

वयाची एक मर्यादा मात्र खरी आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ही पिढी २०१७ मध्ये आली. त्याआधीच्या चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती घालता येते. तिला २ जीबी रॅम चालते आणि ४ जीबीत ती आरामात काम करते. मराठी इनस्क्रिप्ट टंकलेखन, ब्राउझर, पत्रे आणि हिशेबाचे तक्ते एवढे काम तिच्यावर उत्तम होते. श्रीलिपीसारखे विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर रोज लागत असेल तर हा मार्ग उपयोगाचा नाही, तिथे नवा कॉम्प्युटर घेणे भाग आहे.

बदललेली जुनी हार्ड डिस्क भंगारात देऊ नये. साध्या फॉरमॅटनंतरही तिच्यावरचे फोटो, आधार-पॅनचे स्कॅन आणि बँकेचे कागद परत काढता येतात. ती बाहेरच्या खोक्यात बसवून घरच्या फोटोंच्या जादा प्रतीसाठी वापरावी. खराब असेल तर तबकड्या फोडून मगच ई-कचऱ्याच्या केंद्रावर द्यावी.